शेपटीला चाक की नाकाखाली?

लहान विमानाला जमिनीवर उभे राहायला तीन चाके लागतात. त्यांतली दोन मोठी असतात. ती पंखांखाली किंवा धडाच्या दोन्ही अंगांना बसवलेली असतात आणि उतरतानाचा दणका तीच झेलतात. त्यांना मुख्य चाके म्हणतात. तिसरे चाक शेपटीखाली बसवले, तर विमान शेपूट टेकून आणि नाक वर उचलून उभे राहते. तेच इंजिनाखाली बसवले, तर विमान जमिनीशी समांतर उभे राहते. पहिल्या मांडणीला टेलव्हील म्हणतात, वैमानिकांच्या बोलण्यात टेलड्रॅगर. दुसरीला नोजव्हील किंवा ट्रायसायकल गिअर म्हणतात. कारखान्यात तयार झालेले विमान घेणाऱ्यापुढे हा प्रश्न क्वचितच येतो, कारण आजची बहुतेक छोटी विमाने नोजव्हीलचीच असतात. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्याला मात्र याचे उत्तर द्यावे लागते, आणि तेही विमानाचे धड जोडायला घेण्याआधी.

घरी विमान बांधणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या अमेरिकेत आहे. विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केले असेल, तर तिथे त्या विमानाची प्रायोगिक गटात नोंद होऊ शकते. या हौशी लोकांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरतो. घरी बांधल्या जाणाऱ्या, म्हणजे घरबांधणीच्या, विमानांत सर्वाधिक संख्येने उडालेली मालिका म्हणजे ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची 'आरव्ही' विमाने. रिचर्ड व्हॅनग्रन्सवन यांनी ही कंपनी १९७३ मध्ये काढली. तिची आरव्ही-३ आणि आरव्ही-४ ही विमाने फक्त टेलव्हीलची होती. आरव्ही-६ पासून मात्र बहुतेकदा एकच विमान दोन्ही मांडण्यांत मिळू लागले. अशा जोडीत नावामागे 'ए' हे अक्षर असेल तर ते नोजव्हीलचे, नसेल तर टेलव्हीलचे. आरव्ही-७ आणि आरव्ही-७ए यांचे पंख, इंजिन आणि शेपूट सारखेच असते, फरक असतो तो चाकांत. दोन मांडण्यांची तुलना करायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड आहे.

दोन्ही मांडण्यांतला फरक तिसऱ्या चाकाच्या जागेत दिसत असला, तरी त्याचे मूळ मुख्य चाकांच्या जागेत आहे. तीन पायांवर कोणतीही वस्तू उभी राहायची तर तिचा गुरुत्वमध्य त्या तीन पायांच्या आत पडावा लागतो. तिसरे चाक मागे असेल तर मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या थोडी पुढे ठेवावी लागतात. ते पुढे असेल तर मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या थोडी मागे जातात. हा पुढे-मागेपणा जेमतेम हात-दीड हाताचा असतो. पण जमिनीवर विमान कसे वागेल हे त्यावरच ठरते.

टेलव्हील विमान धावपट्टीवर ताशी ऐंशी किलोमीटरने धावत आहे आणि त्याचे नाक जरासे डावीकडे वळले आहे, असे समजा. विमानाचे वजन जुन्याच दिशेने, म्हणजे सरळ पुढे जाऊ पाहते. चाके मात्र आता तिरकी झालेली असतात आणि त्यांचे घर्षण विमानाला बाजूला ओढते. हे घर्षण गुरुत्वमध्याच्या पुढे काम करत असल्याने ते नाक आणखी डावीकडे वळवते. वळण वाढले की घर्षण वाढते आणि घर्षण वाढले की वळण वाढते. वैमानिकाने वेळीच रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याने, थोपवले नाही तर शेपूट गर्रकन पुढे येते आणि विमान स्वतःभोवती फिरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात विमानाचा भार बाहेरच्या चाकावर झुकतो, त्या बाजूच्या पंखाचे टोक जमिनीला घासते आणि पुष्कळदा चाकाचा पायही मोडतो. माणसे बहुधा सुखरूप राहतात, पण विमान कित्येक महिने दुरुस्तीत अडकते. नोजव्हीलच्या विमानात हेच घर्षण गुरुत्वमध्याच्या मागे काम करते. त्यामुळे नाक वळले तरी ते त्याला पुन्हा सरळ करते. काठी तळहातावर उभी तोलून धरणे आणि तीच काठी वरचे टोक धरून लोंबती सोडणे यांत जो फरक आहे, तोच या दोन विमानांत आहे. पहिली काठी सतत सावरावी लागते, दुसरी आपली आपण थांबते.

हीच गोष्ट जमिनीला टेकण्याच्या क्षणीही घडते. विमान थोडे जोरात खाली आले की मुख्य चाकांना जमिनीचा धक्का बसतो. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे असेल तर शेपूट खाली दबते आणि नाक वर जाते. पंख समोरच्या हवेला अधिक तिरके होतात, त्यांची उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत उसळते. गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे असेल तर नाक खाली येते, उचल कमी होते आणि विमान जमिनीला धरून राहते. म्हणूनच टेलव्हीलच्या वैमानिकाला उतरण्याच्या दोन रीती शिकाव्या लागतात. एका रीतीत वेग जवळजवळ संपेपर्यंत विमान जमिनीच्या वितीभर वर तरंगत ठेवायचे आणि तिन्ही चाके एकदम टेकवायची. हिला थ्री-पॉइंट लँडिंग म्हणतात. दुसऱ्या रीतीत किंचित जास्त वेगाने फक्त मुख्य चाके टेकवायची, त्याच क्षणी स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करण्याचा दांडा, हलकेच पुढे करून पंखांची उचल मोडायची आणि वेग उतरला की शेपूट खाली आणायची. हे व्हील लँडिंग. दुसऱ्या रीतीत समोरचे स्पष्ट दिसते आणि जोराच्या वाऱ्यात ताबा बरा राहतो. मात्र स्टिक पुढे करायला अर्धा क्षण उशीर झाला की उसळी आलीच.

अडचणीचा सर्वांत नाजूक काळ उतरल्यानंतरचा असतो. वेग असतो तोवर रडरवरून हवा वाहत असते आणि तो काम करतो. विमान अगदी हळू झाले की शेपटीचे चाक आणि ब्रेक दिशा सांभाळतात. या दोहोंच्या मध्ये काही सेकंद असे येतात की रडर ढिला पडलेला असतो आणि शेपटीच्या चाकाची पकड अजून बसलेली नसते. त्यातच आडव्या वाऱ्याची झुळूक आली तर उभ्या शेपटीवर दाब येऊन विमान वाऱ्याच्या दिशेकडे तोंड वळवू लागते. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय रडरच्या पेडलवरून हलवायचे नाहीत, हा टेलव्हीलच्या शिक्षकांचा पहिला धडा याच सेकंदांसाठी असतो.

उड्डाण करतानाही शेपटीचे चाक वैमानिकाकडून काम करून घेते. वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर बहुतेक अमेरिकी इंजिनांचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. नाक वर असताना त्याची उजवीकडे खाली येणारी पाती जास्त ओढते आणि विमान डावीकडे वळू पाहते. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा गिरक्या घेत उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि तोच कल आणखी वाढवते. पुढे वेग आल्यावर शेपूट उचलली जाते. तेव्हा फिरता प्रोपेलर भोवऱ्याच्या नियमाने वागतो आणि नाकाला पुन्हा डावीकडे ढकलतो. या सगळ्याला उजव्या पायाने उत्तर द्यायचे असते. नोजव्हीलच्या विमानात शेपूट उचलण्याचा टप्पाच नसतो. नाक सुरुवातीपासून समांतर असल्याने पातीचा असमान ओढाही नाक वर घेईपर्यंत जवळपास जाणवत नाही.

एवढे असूनही विमानांची पहिली पिढी जवळजवळ सगळी शेपटीवर का उभी राहिली, हा प्रश्न रास्त आहे. ग्लेन कर्टिसच्या १९०८ च्या 'जून बग' या विमानाला तीन चाके होती आणि त्यांतले एक पुढे होते, म्हणजे कल्पना नवी नव्हती. पण पहिल्या महायुद्धाच्या काळातली विमाने गवताच्या मोकळ्या मैदानांवरून उडत. मैदान चहूबाजूंनी खुले असल्याने वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येई, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा उभा राहत नसे. चाकांना ब्रेक नसत. शेपटीखालची लाकडी किंवा लोखंडी घसरपट्टी गवतात रुतत जाई. तीच ब्रेकचे काम करी आणि शेपूट सरळही धरून ठेवी. या व्यवस्थेत टेलड्रॅगरला कसलीच खोट नव्हती. पुढे एका ठरावीक दिशेच्या, डांबरी किंवा काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या. घसरपट्टीच्या जागी चाक आले, ब्रेक आले, वारा आडवा लागू लागला आणि ग्राउंड लूप ही रोजची डोकेदुखी झाली.

या डोकेदुखीवर पद्धतशीर उपाय शोधणाऱ्यांत अमेरिकी अभियंता फ्रेड वाइक याचे नाव मोठे आहे. तो व्हर्जिनियातल्या लँग्ली येथील सरकारी हवाई संशोधन प्रयोगशाळेत काम करत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोकरीच्या वेळेबाहेर, स्वतःच्या खर्चाने एक विमान बांधले. ते १९३४ मध्ये उडाले. डब्ल्यू-१ नावाच्या या विमानाला पुढचे चाक होते आणि नवख्यालाही ते सुरक्षितपणे उतरवता यावे हाच त्याचा हेतू होता. नोजव्हीलच्या आधुनिक इतिहासातले हे महत्त्वाचे विमान एका परीने घरबांधणीचेच होते, ही गोष्ट हौशी लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे वाइकनेच एरकूप हे विमान आखले. त्याच्या मूळ रूपात रडरची पेडलेच नव्हती. आडव्या वाऱ्यात ते तिरके उतरे आणि चाके टेकताच आपोआप सरळ होई. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांनी हाच मार्ग धरला. पायपर पेसरला पुढचे चाक बसवून १९५१ मध्ये ट्राय-पेसर आले आणि टेलव्हीलच्या सेसना १७० वरून १९५६ मध्ये सेसना १७२ बाजारात आले. सेसना १७२ पुढे जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले विमान ठरले.

भारतातही हेच स्थित्यंतर झाले. मराठी अभियंता डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते टेलव्हीलचे होते. १९५८ मध्ये उडालेले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचलेले पुष्पकही टेलव्हीलचेच. ज्या पिढीने या दोन विमानांवर उड्डाण शिकले, तिला पायांचा उपयोग निराळा शिकवावा लागला नाही. हवाई दलात एचटी-२ ची जागा पुढे दीपक या नोजव्हीलच्या विमानाने घेतली. नागरी प्रशिक्षणासाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने आखलेले हंसा हे विमानही नोजव्हीलचे आहे. महाराष्ट्रातल्या उड्डाण शाळांत आज शिकणारी मुले बहुतेक सेसना किंवा तशाच नोजव्हील विमानांवर शिकतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या टेलव्हीलच्या विमानाचे किट, म्हणजे जुळवायच्या सुट्या भागांचा संच, मागवले, तर बांधायला शिकण्याबरोबर उडवायलाही नव्याने शिकावे लागेल.

हौशी लोकांत टेलव्हील अजून इतके टिकून आहे याला आवडीशिवाय ठोस कारणेही आहेत. पहिले कारण वजनाचे. शेपटीचे छोटे चाक आणि त्याची स्प्रिंग यांचे वजन किरकोळ असते. पुढच्या चाकाला उंच, मजबूत पाय लागतो, तो झेलणारी चौकट लागते आणि ते स्वतःही मोठे असते. आरव्हीसारख्या दोन आसनी विमानात हा फरक दहा किलोच्या आतबाहेर असतो. दुसरे कारण हवेच्या अडथळ्याचे. पुढचे चाक प्रोपेलरच्या वाऱ्यात उभे असते, म्हणून त्याच्यावर आवरण घातले तरी अडथळा राहतोच. सारख्याच विमानात नोजव्हीलमुळे वेग ताशी दोन मैलांच्या आसपास कमी पडतो. एवढ्याशा वेगासाठी कोणी चाकाची जागा ठरवू नये. पण दोनशे मैलांच्या विमानात दोन मैल म्हणजे नेमके किती, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच याचे मोल करावे.

तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे, ते म्हणजे खडबडीत जमीन. टेलड्रॅगरचे नाक वर असल्याने उभे असताना आणि हळू चालताना प्रोपेलर जमिनीपासून बराच उंच राहतो. खडे आणि गवताचे बुंधे त्याच्यापर्यंत सहज पोचत नाहीत. चिखलात किंवा खड्ड्यात जाण्याचा प्रसंग मुख्य चाकांवर येतो आणि ती मोठी, मजबूत असतात. शेपटीचे चाक मागून फरपटत येते आणि मोडलेच तरी इंजिन आणि प्रोपेलर शाबूत राहतात. अलास्कातल्या नदीकाठच्या वाळूवर आणि डोंगरउतारांवर उतरणारी विमाने आजही जास्त करून टेलव्हीलची असतात, ती यामुळेच. शेपूट उचलल्यावर मात्र प्रोपेलर खाली येतो, आणि ब्रेक जोरात लावला तर आणखी खाली. कारखान्यात बनणाऱ्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत प्रोपेलर आणि जमीन यांच्यातले किमान अंतर नोजव्हीलसाठी सात इंच, तर टेलव्हीलसाठी नऊ इंच ठरवलेले होते, त्याचे कारण हेच.

नोजव्हीलचे गुण ज्याला रोज डांबरी धावपट्टीवरून उडायचे आहे त्याला लगेच पटतात. बसल्या जागेवरून समोरची वाट दिसते. टेलड्रॅगरमध्ये इंजिनाचे नाक डोळ्यांपुढे आडवे येते आणि जमिनीवर चालताना नागमोडी वळणे घेत दोन्ही बाजूंनी डोकावून पाहावे लागते. आरव्हीसारख्या काही विमानांत हा त्रास कमी आहे, जुन्या विमानांत फार. नोजव्हीलमध्ये विमानाचा तळ समांतर असल्याने चढणे आणि सामान भरणे सोपे जाते. ब्रेक जोरात लावला तरी विमान नाकावर उलटण्याचे भय कमी असते, त्यामुळे आखूड पक्क्या धावपट्टीवर ते लवकर थांबवता येते. आडव्या वाऱ्यात वैमानिकाची थोडीफार चूक विमानच पोटात घालते.

नोजव्हीलची खरी कमजोरी मात्र पुष्कळांना बांधणी सुरू झाल्यावर कळते. पुढच्या चाकाचा पाय उतरण्याचा दणका सोसण्यासाठी नसतो. उतरल्यानंतर विमान चालवण्यासाठी असतो. घरबांधणीच्या विमानांत वजन वाचवायला हा पाय बहुधा एकाच पोलादी दांड्याचा करतात आणि चाक त्यावर मोकळे फिरते. दिशा डाव्या-उजव्या ब्रेकने सांभाळायची. वैमानिकाने वेग जास्त ठेवून तिन्ही चाके एकदम टेकवली, किंवा नाकाचे चाक आधी टेकले, की विमान पुढेमागे उसळू लागते. प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी असते आणि दोन-तीन उसळ्यांत पाय वाकतो. उतरल्यावर स्टिक पुढे ढकलून ठेवली तर भार पुढच्या चाकावर जातो आणि मुख्य चाके हलकी होतात. मग घर्षण गुरुत्वमध्याच्या पुढे येते आणि नोजव्हीलचे विमानही टेलड्रॅगरसारखे भरकटते. 'ए' प्रकारच्या आरव्ही विमानांत खडबडीत जमिनीवर पुढचा पाय मागे दुमडून विमान पाठीवर उलटल्याच्या घटना घडल्या आहेत. कंपनीने त्यानंतर चाक धरणारा काटा बदलून जमिनीपासूनची उंची वाढवली आणि पुढच्या काळात पायाची रचनाही नवी केली. विमान उलटल्यावर वरचे पारदर्शक छत उघडून बाहेर पडणे अवघड होते, म्हणून ही बाब हलकी मानता येत नाही.

म्हणजे नोजव्हील सुरक्षित आणि टेलव्हील धोक्याचे, ही वाटणी ढोबळ आहे. नोजव्हील दिशेच्या चुका माफ करते आणि नाक लवकर टेकवण्याची चूक माफ करत नाही. पुढच्या टायरमधली हवा योग्य आहे ना, चाकाच्या बेअरिंगचा ताण बरोबर आहे ना आणि काटा फिरताना पुरेसा आवळलेला आहे ना, हे वारंवार पाहावे लागते. काटा ढिला असला की ठरावीक वेगाला चाक थडथडू लागते आणि ती थरथर सगळ्या पायात उतरते. टेलव्हीलचे छोटे चाकही असेच थडथडते, पण तिथे तुटण्यासारखे कमी असते.

स्वतः आराखडा करणाऱ्याला किंवा किटमध्ये फेरफार करणाऱ्याला काही आकडे पाळावे लागतात. नोजव्हीलच्या विमानात एकूण वजनाचा साधारण ८ ते १५ टक्के भाग पुढच्या चाकावर पडावा. तो पाच टक्क्यांच्या खाली गेला तर चाकाची पकड राहत नाही आणि मागे सामान ठेवताच विमान शेपटीवर बसू शकते. वीस टक्क्यांच्या वर गेला तर नाक उचलायला आडव्या शेपटीचे बळ कमी पडते. टेलव्हीलच्या विमानात मुख्य चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून गुरुत्वमध्यापर्यंत रेषा काढली तर ती उभ्या रेषेपासून १६ ते २५ अंश मागे झुकलेली असावी. कोन यापेक्षा लहान असेल तर ब्रेक लावताच विमान नाकावर जाते. मोठा असेल तर शेपूट जड होते आणि ग्राउंड लूपचा कल वाढतो. मुख्य चाके दोन्ही मांडण्यांत एकमेकांपासून पुरेशी दूर हवीत, नाहीतर वळताना पंख टेकतो. तयार किट घेणाऱ्याला हे गणित करावे लागत नाही. पण जड इंजिन, जड बॅटरी किंवा मागे जादा टाकी बसवायचा मोह झाला की ते आपोआप त्याच्याकडे येते.

पायाच्या धातूलाही महत्त्व आहे. ऑशकॉशचे शर्यतपटू आणि विमानबांधणीकार स्टीव्ह विटमन यांनी लवचीक पोलादी पट्टीचा पाय तयार केला आणि सेसना कंपनीने तो त्यांच्याकडून घेऊन आपल्या विमानांना बसवला. विटमन यांचे १९५३ चे टेलविंड हे घरबांधणीचे विमान टेलव्हीलचेच आहे आणि हौशी लोक ते अजून बांधतात. पोलादी पायाला रबर, तेल किंवा गुंतागुंतीचे सांधे लागत नाहीत, देखभाल नगण्य असते. मात्र पोलाद दणका साठवते आणि परत करते. त्यामुळे टेलड्रॅगरच्या उसळीत त्याचाही वाटा असतो.

शिकण्याचा भाग कायद्यानेही येतो. अमेरिकेत टेलव्हीलचे विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवण्याआधी शिक्षकाकडून वेगळे प्रशिक्षण घेऊन उड्डाणनोंदींच्या वहीत तशी नोंद करून घ्यावी लागते. साध्या आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण-अवतरण, व्हील लँडिंग आणि उतरता उतरता पुन्हा वर जाणे, एवढे त्यात आले पाहिजे. १५ एप्रिल १९९१ पूर्वी टेलव्हीलवर मुख्य वैमानिक म्हणून उड्डाण केलेल्यांना ही अट नाही. नोजव्हीलवर सरावलेल्या वैमानिकाला हे प्रशिक्षण साधारण पाच ते दहा तास पुरते. विमा कंपन्या मात्र टेलव्हीलवरचे पूर्वीचे तास विचारतात, आणि ते कमी असतील तर हप्ता चढा लावतात किंवा आणखी तास करायला सांगतात. बांधणीची पाच-सहा वर्षे उड्डाण थांबवून बसलेल्या माणसाने पहिल्यांदाच स्वतः बांधलेल्या टेलड्रॅगरमध्ये बसणे, हा या छंदातला सर्वांत टाळण्याजोगा प्रसंग आहे. पहिल्या उड्डाणाच्या आधीच्या आठवड्यांत तशाच विमानावर शिक्षकाबरोबर सराव करणे त्यासाठी अनिवार्य मानले पाहिजे.

काही विमानांत निवडीला जागाच नसते. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीचा प्रोपेलर पाठीमागे आहे. नाक उंचावले तर तो जमिनीला लागेल, म्हणून तिथे पुढचेच चाक हवे. आरव्ही-१० हे चार आसनी आणि आरव्ही-१२ हे हलके विमान कंपनीने नोजव्हीलचेच ठेवले आहे. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपॉलच्या १९२९ च्या एअर कँपरला, फोर्ड मोटारीच्या इंजिनावर उडणाऱ्या त्या लाकडी विमानाला, शेपटीवरच उभे राहू द्यावे. त्याची सारी रचनाच गवताच्या मैदानासाठी झालेली आहे.

जिथे निवड आहे तिथे तिचा निकाल विमान कुठल्या जमिनीवर राहणार आणि महिन्यातून किती वेळा उडणार, यावर लावणे बरे. पक्की धावपट्टी, महिन्यातून एखादे उड्डाण, बरोबर घरची माणसे, लांबचे प्रवास, असा बेत असेल तर नोजव्हीलच योग्य. शेताकडेची गवताळ पट्टी, नियमित सराव, हवाई कसरतींची आवड आणि वजनाची काटकसर असेल तर टेलव्हील आपली किंमत वसूल करून देते. मैदानावर कोणते विमान देखणे दिसते, याला बांधणारे पुष्कळ मान देतात, आणि वर्षानुवर्षे एकच विमान घडवणाऱ्याच्या बाबतीत तो मान गैरही नाही. फक्त तो शेवटी यावा.

ही निवड नंतर फिरवणे किती महाग पडते हे किटवर अवलंबून असते. आरव्ही-७ मध्ये मुख्य चाकांचे पाय इंजिनाच्या चौकटीतच बसतात. आरव्ही-७ए मध्ये ते पंखाच्या मुख्य तुळईजवळ धडात बसतात आणि इंजिनाच्या चौकटीला पुढच्या चाकाचा पाय येतो. म्हणजे इंजिनाची चौकट निराळी, धडातले आधार निराळे. म्हणून धडाचे किट मागवतानाच उत्तर पक्के असावे लागते. पंख आणि शेपूट आधी बांधायला घेतल्यास मधल्या काळात दोन्ही प्रकारची विमाने उडवून पाहता येतात, आणि जाणते बांधणारे तसेच करतात. ग्लास्टार आणि किटफॉक्स यांसारखी काही विमाने मुळातच दोन्ही मांडण्या घेतील अशी आखलेली आहेत. त्यांत पायांच्या खोबणी दोन्हीकडे ठेवलेल्या असतात आणि मुख्य पाय एका जागेहून दुसरीकडे हलवता येतात. मांडणी बदलली की रिकाम्या विमानाचे वजन आणि गुरुत्वमध्य तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून पुन्हा मोजावा लागतो आणि विमानाच्या कागदपत्रांत नवी नोंद करावी लागते.